परिचर्या आणि समाजकार्य यांची एकत्रित कारकीर्द : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणात परिचर्या व समाजकार्य या दोन स्वतंत्र विद्याशाखा आहेत. परिचर्येची पदवी नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) कक्षेत येते, तर समाजकार्याची पदवी त्या त्या विभागाच्या पारंपरिक विद्यापीठाकडे असते. रायगड जिल्ह्यातील विद्यार्थिनीच्या बाबतीत हे दुसरे विद्यापीठ म्हणजे मुंबई विद्यापीठ होय. प्रवेशाची पात्रता, अभ्यासक्रम, नोंदणी, सेवाप्रवेशाचे नियम या सर्वच बाबतींत या दोन वाटा एकमेकींना क्वचितच भेटतात. याउलट मुरूड, श्रीवर्धन किंवा अलिबाग तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रात काम करणाऱ्या आरोग्य सेविकेचा दिवस पाहिला, तर त्यातील कोणते काम परिचर्येचे आणि कोणते समाजकार्याचे हे सांगणे कठीण जाते. प्रस्तुत लेखात या दोन व्यवसायांची एकाच कारकिर्दीत सांगड कशी घातली गेली, ती कोठे फलदायी ठरते आणि कोठे अडते, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी मांडवा परिसरात झालेल्या एका प्रयोगाचा विशेष आधार घेतला आहे.

'परिचर्या' या संज्ञेने येथे शासनमान्य प्रशिक्षण घेऊन परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीने दिलेली शुश्रूषा अभिप्रेत आहे. 'समाजकार्य' म्हणजे व्यक्ती, गट आणि समुदाय यांच्या पातळीवर शास्त्रीय पद्धतीने केलेले व्यावसायिक कार्य. दानधर्म, पुढारीपण किंवा हौशी समाजसेवा यांचा त्यात अंतर्भाव होत नाही. हा भेद स्पष्ट करण्याचे कारण असे की, मराठीत 'समाजसेवा' हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की रक्तदान शिबिराचे उद्घाटन करणाराही समाजसेवक ठरतो.

दोन व्यवसायांचे एक मूळ

आज वेगळे दिसणारे हे दोन व्यवसाय इतिहासात एकाच घरात वाढले. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड या परिचारिकेने १८९३ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत राहून घरोघरी शुश्रूषा सुरू केली. त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही संस्था उभी राहिली. आजाऱ्याच्या अंथरुणाशी बसले की घरभाडे, बालमजुरी आणि शाळा हे प्रश्न आपोआप समोर येतात, हा तिचा अनुभव होता. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये रुग्णांच्या घरच्या परिस्थितीचा शोध घेण्यासाठी पहिली नेमणूक केली, ती गार्नेट पेल्टन या परिचारिकेची. काही महिन्यांतच तिला क्षयाची बाधा झाली आणि काम सोडावे लागले. तिच्या जागी आलेल्या आयडा कॅनन यांनीही प्रथम परिचर्येचे व नंतर समाजकार्याचे शिक्षण घेतले होते, आणि रुग्णालयीन समाजकार्याला स्वतंत्र शास्त्राचे रूप देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे ज्याला आज 'वैद्यकीय समाजकार्य' म्हटले जाते त्याचा पाया अमेरिकेत परिचारिकांनी घातला.

महाराष्ट्रातील परंपराही याहून फार भिन्न नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. त्यांच्या बाबतीत शिक्षण, समाजसुधारणा आणि शुश्रूषा हे तीन कप्पे करता येत नाहीत. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनने परिचारिका व सुईणी यांच्या प्रशिक्षणाला आपल्या कार्यात महत्त्वाचे स्थान दिले. परक्याच्या शरीराला स्पर्श करणे, रात्रपाळी करणे आणि सर्व जातींच्या रुग्णांची सेवा करणे या गोष्टी तत्कालीन उच्चवर्णीय कुटुंबांना मान्य होणाऱ्या नव्हत्या. अशा स्थितीत विधवांना या व्यवसायात आणणे हीच एक सामाजिक कृती होती. परिचारिका घडविणे हे तेथे समाजकार्य होते.

पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. दोन्ही व्यवसायांना प्रतिष्ठा व प्रमाणित शिक्षण मिळाले, हा लाभ निर्विवाद आहे. त्याची किंमत अशी झाली की शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) ही दोन पदे दोन स्वतंत्र आस्थापनांवर गेली. ग्रामीण भागात पहिले पद पोहोचले, दुसरे बहुतांशी जिल्ह्याच्या आणि महानगरांच्या रुग्णालयांतच थांबले.

मांडव्याचा प्रयोग

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून बंदराच्या पलीकडे मांडवा दिसते. समुद्रमार्गे अंतर थोडे, परंतु पावसाळ्यात लाँच बंद झाल्या की तेच अंतर कित्येक पटींनी वाढत असे. (रो-रो सेवा आली ती २०२० मध्ये.) देशातील नामांकित रुग्णालये ज्या शहरात आहेत त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर प्राथमिक उपचारही दुर्मीळ असावेत, हा विरोधाभास डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांना जाणवला. अंतिया हे जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन होते. कुष्ठरोग्यांच्या विकृत हातांवर व चेहऱ्यांवर करावयाच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांची ख्याती होती. विकृती दुरुस्त करण्यापेक्षा ती होण्यापूर्वी रोग ओळखणे किती स्वस्त आणि सोपे आहे, हे या कामातूनच त्यांच्या ध्यानात आले आणि शल्यचिकित्सक गावाकडे वळला.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) अलिबाग तालुक्यात मांडवा परिसरातील सुमारे ३० गावे व ३० हजार लोकसंख्या यांच्यासाठी हा प्रकल्प सुरू झाला. त्याला पुढे फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेचे पाठबळ होते. प्रकल्पाचा गाभा अगदी साधा होता. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना निवडून प्रशिक्षण द्यावयाचे आणि गावाच्या आरोग्याची बहुतेक जबाबदारी त्यांच्यावर सोपवावयाची. गर्भवतींची देखरेख, लसीकरण, कुटुंबनियोजन, किरकोळ आजारांवर औषध, क्षय व कुष्ठरोगाचे रुग्ण शोधणे आणि त्यांचे उपचार पूर्ण होतील हे पाहणे, अशी या कामांची व्याप्ती होती. या स्त्रिया परिषदेकडे नोंदलेल्या परिचारिका नव्हत्या आणि समाजकार्याच्या पदवीधरही नव्हत्या. तरीही दोन्ही व्यवसायांचा संयोग कसा दिसतो याचे रायगड किनाऱ्यावरील सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून त्यांच्याकडेच पाहावे लागते.

त्याचे कारण कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून उलगडते. त्वचेवरील बधिर चट्टा ओळखणे हे परिचर्येचे कौशल्य आहे आणि ते काही दिवसांत शिकविता येते. परंतु चट्टा असलेली सून तो दाखविण्यास तयार होणे, निदानानंतर तिला माहेरी धाडले न जाणे, दीर्घकाळ चालणारी औषधे घरच्यांच्या नजरेसमोर घेता येणे, ही सारी समाजकार्याची बाजू झाली. बाहेरून आलेला तपासनीस पहिले करू शकतो, दुसरे त्याला साधत नाही. त्याच पाखाडीत राहणारी, त्याच विहिरीवर पाणी भरणारी स्त्री दोन्ही साधू शकते. त्यासाठी तिला औषधांचे ज्ञान आणि गावात बोलण्याची मान्यता ही दोन्ही एकाच वेळी मिळावी लागतात. मांडव्यात ती मिळाली. सर्वसाधारण आजार व प्रतिबंधक कामांचा मोठा भाग अशा स्त्रिया समर्थपणे पेलू शकतात, हे प्रकल्पाने दाखवून दिले.

तथापि प्रकल्प सुमारे दहा वर्षांनंतर थांबला. अंतिया यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या अनुभवाची चिकित्सा केली आहे. तीनुसार प्रकल्पाला अडथळा आला तो स्त्रियांच्या अकार्यक्षमतेमुळे नव्हे. स्थानिक राजकीय नेतृत्व व प्रस्थापित आरोग्ययंत्रणा यांचा विरोध हेच त्याचे कारण होते. औषधाची पेटी घेऊन फिरणारी बाई कोणाला अडचणीची वाटत नव्हती. तिच पेटी घेऊन फिरताना प्राथमिक आरोग्य केंद्रात अमुक सेवा का मिळत नाही असे ती विचारू लागली, तेव्हा तिच्या कामाचा अर्थ बदलला. संस्थेने पुढे आपले काम पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील परिंचे परिसरात नेले आणि तेथेही गावातील स्त्रियांवरच भर दिला.

या घटनेचा अर्थ लावताना थोडे थांबणे इष्ट ठरेल. परिचर्या आणि समाजकार्य एकत्र येतात तेव्हा केवळ दोन कौशल्यांची बेरीज होते, असा समज सर्वत्र आढळतो आणि अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तिकांतही तो दिसतो. मांडव्याचा अनुभव याच्या विरुद्ध जातो. शुश्रूषेमुळे घराघरांत प्रवेश व विश्वास मिळतो. समाजकार्याची दृष्टी त्या विश्वासातून प्रश्न उपस्थित करते. हे दोन्ही एकाच व्यक्तीत आले की ती व्यक्ती व्यवस्थेच्या दृष्टीने गैरसोयीची होते. हा संयोग निवडणाऱ्या विद्यार्थिनीला त्याची पूर्वकल्पना देणे अध्यापकांचे काम आहे.

मांडवा हे एकटे उदाहरण नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे १९७० मध्ये सुरू केलेला प्रकल्प आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे आरोग्यदूत हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. गडचिरोलीच्या घरगुती नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' कार्यकर्तीची संकल्पना घडण्यात अशा प्रयोगांची पूर्वपीठिका होती. हे प्रयोग टिकले, मांडव्याचा टिकला नाही, म्हणून तो येथे अधिक बोधप्रद वाटतो.

किनारपट्टीवरील आजचे काम

रायगडच्या किनाऱ्यावर कोळी, आगरी, मुस्लिम मच्छीमार आणि बागायतदार यांची वस्ती आहे. किनाऱ्यापासून थोडे आत, डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाड्या आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे (इतर दोन कोलाम व माडिया गोंड). यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

अशा वाडीतील एका गर्भवतीचा विचार केला तर प्रस्तुत विषयाचे सारे पदर दिसतात. तिचे हिमोग्लोबिन तपासणे, लोहाच्या गोळ्या व धनुर्वाताची लस देणे, रक्तदाबावर लक्ष ठेवणे हे परिचर्येचे काम. परंतु पाचव्या महिन्यात ती भट्टीवर गेली तर पुढची तपासणी कोण करणार? मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तिचे कुटुंब परत येणार नाही, हे नोंदवहीत कोठे लिहायचे? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते; ज्या कुटुंबाकडे जन्माचा दाखला, शिधापत्रिका आणि जातीचा दाखला यांपैकी एकही कागद नीट नाही, तेथे लाभाची वाट तहसील कार्यालयातून जाते. भट्टी ज्या तालुक्यात आहे तेथील आरोग्य सेविकेशी संपर्क ठेवणे, मुकादमाशी बोलणे, कागद मिळवून देणे या सर्व गोष्टी हिमोग्लोबिनवर गोळीइतकाच परिणाम करतात. रक्तक्षय हा आहाराचा आजार आहे आणि आहार मजुरीवर अवलंबून आहे, एवढे हे सरळ आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत हाच प्रत्यय येतो. निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. गोळ्या सहा महिने चालतात, बोटीवर गेलेला खलाशी दिवसेंदिवस किनाऱ्यावर नसतो. औषधाचे वेळापत्रक आणि मासेमारीचे वेळापत्रक यांचा मेळ घालणारे पद आरोग्य खात्याच्या आकृतिबंधात नाही. ते काम ज्या सेविकेला सुचते ती करते.

आपत्तीच्या काळात ही गरज अधिक उघड होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. मुरूड, श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. जखमांवरील मलमपट्टी काही दिवसांत संपली. बागायतदाराची झोप उडाली ती त्यानंतर, कारण नवी पोफळ उत्पन्न देईपर्यंत वर्षे जातात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांचा रक्तदाब मोजताना त्यांच्याशी काय बोलावे हे परिचर्येच्या अभ्यासक्रमात थोडेबहुत येते. पंचनामा, मदत व पुनर्वसन यांची वाट कशी चालावी हे येत नाही. समाजकार्याच्या पदवीधराची स्थिती नेमकी उलट असते.

रुग्णालयांतील चित्रही बदलले आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो आणि रुग्णाची कागदपत्रे पाहतो. वैद्यकीय समाजकार्याचा कागदोपत्री भाग अशा रीतीने वेगळा काढला गेला. उरलेला भाग, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर त्याचे काय होणार याचा विचार, कोणाच्याच वाट्याला आला नाही. तो बहुधा पाळी संपवून निघालेली परिसेविका दाराशी उभी राहून दोन शब्दांत करते.

एकत्र काम करताना येणारे पेच

दोन व्यवसायांची नीतितत्त्वे सामान्यतः सारखी दिसली तरी काही प्रसंगी ती एकमेकांना छेद देतात. गोपनीयता हा पहिला प्रसंग. परिचारिका रुग्णाचे गुपित जपते. समाजकार्यकर्ता कुटुंबाला व समुदायाला सोबत घेऊन उत्तर शोधतो. एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ नुसार बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. जेथे प्रत्येक घर दुसऱ्याचे नातेवाईक आहे अशा कोळीवाड्यात 'सेविका पुन्हा पुन्हा त्याच घरी का जाते' हा प्रश्नच गुपित फोडण्यास पुरेसा असतो. म्हणून भेटीला दुसरे निमित्त द्यावे लागते. लहान मुलांचे लसीकरण हे त्यातले सर्वांत सोयीचे.

दुसरा पेच अधिक कठीण आहे. सतरा वर्षांची विवाहित मुलगी गर्भवती असल्याचे तपासणीत आढळले तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार त्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला देणे बंधनकारक आहे. माहिती दिली की नवरा अटकेत जातो आणि वाडीतील पुढची गर्भवती उपकेंद्राकडे फिरकत नाही. न दिली तर सेविका स्वतः कायद्याच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या संदर्भात, तिच्या व पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने तिची ओळख उघड न करण्याची मुभा दिली आहे. ती मुभा डॉक्टरपुरती आणि गर्भपातापुरती आहे. ज्या मुलीला मूल हवे आहे तिच्या बाबतीत सेविकेचा पेच तसाच राहतो. दोन व्यवसायांचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला हा पेच सुटतो असे नाही. फार तर बालविवाह होण्यापूर्वी त्या घरात पाऊल टाकण्याचे भान तिला असते.

तिसरी अडचण आर्थिक व प्रशासकीय स्वरूपाची असून तिच्याकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावयास हवे. दोन्ही पदव्या असलेली व्यक्ती मिळाली की दोन पदांऐवजी एकच पद भरण्याचा मोह कोणत्याही व्यवस्थापनाला होतो. वेतन एकाचे, काम दोघांचे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेला बहुउद्देशीय सेविका केले, त्यानंतर तिच्या नोंदवह्या वाढत गेल्या हा इतिहास ताजा आहे. म्हणूनच हा संयोग उपकेंद्र, वाडी, शाळा व स्वयंसेवी संस्था यांच्या पातळीवर योग्य असला, तरी मोठ्या रुग्णालयात अधिपरिचारिका व समाजसेवा अधीक्षक ही पदे स्वतंत्रच राहिली पाहिजेत. तेथे हवा असतो तो दोघांचा नियमित संवाद.

शिक्षणाच्या वाटा

या संदर्भात महाविद्यालयीन अध्यापकांना विद्यार्थिनींकडून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न क्रमाचा असतो: आधी काय शिकावे? येथे एक विषमता ध्यानात घ्यावी लागते. परिचर्येची चार वर्षांची पदवी (बी.एस्सी. नर्सिंग) घेतलेल्या व्यक्तीला दोन वर्षांच्या एम.एस.डब्ल्यू.साठी थेट अर्ज करता येतो, कारण तो अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला असतो. उलट दिशेने अशी जवळची वाट नाही. समाजकार्याच्या पदवीधराला परिचारिका व्हावयाचे असेल तर परिचर्येच्या पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते, आणि बी.एस्सी.साठी बारावीत विज्ञान शाखा अपरिहार्य असते. कला शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थिनीला जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. हे पदविका स्तरावरील मार्ग उरतात. सबब ज्यांना दोन्ही क्षेत्रे हवी आहेत त्यांनी परिचर्या आधी घ्यावी, असा सल्ला देणे व्यवहार्य ठरते. दोन्ही अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. रुग्णालयातील पाळ्या आणि समाजकार्याचे क्षेत्रकार्य दोन्हींना प्रत्यक्ष उपस्थिती लागते.

एम.एस.डब्ल्यू.साठी किनारपट्टीच्या विद्यार्थिनीला सहसा मुंबई गाठावी लागते. तेथे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि १९५५ पासूनचे निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय आहे. परिचर्येतच राहून समुदायाकडे वळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे एम.एस्सी. नर्सिंगमधील सामुदायिक आरोग्य परिचर्या ही विशेष शाखा. मानसिक आरोग्यात रस असणाऱ्यांना २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पाहणे आवश्यक आहे. त्यात मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोरुग्ण समाजकार्यकर्ता यांच्या पात्रता स्वतंत्रपणे दिल्या आहेत, आणि केवळ एम.एस.डब्ल्यू. केल्याने दुसरी पात्रता मिळत नाही.

नोंदणीची घडीही बदलत आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याचा समावेश झाला, आणि २०२३ मध्ये परिचर्येसाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. दोन्ही व्यवसाय आता आरोग्यसेवेच्या चौकटीत कायद्याने मोजले जातात, परंतु दोन वेगळ्या आयोगांखाली.

जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. होऊन उपकेंद्रात नोकरीला लागलेल्या सेविकेची गोष्ट निराळी. तिच्याकडे अनुभव असतो, पदवी नसते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून कला शाखेची पदवी घ्यावी आणि त्यानंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणातील एम.एस.डब्ल्यू. करावा, ही वाट लांबची असली तरी खुली आहे. त्या अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्यासाठी तिला वेगळे क्षेत्र शोधण्याची गरज फारशी पडू नये. मात्र संस्थेची लेखी परवानगी आणि पर्यवेक्षक यांची व्यवस्था प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच करून ठेवावी लागते.